घासलेला डरम

डॉक्टरनं एकच गोष्ट मागितली होती. रक्त, लघवी, फोटो सगळं देऊन झालं होतं. तो म्हणाला, "बाई, हे ज्या टाकीत हात घालत होते, तिच्यात काय होतं त्याचं नाव आणा. नाव कळलं तर हे दुखणं कुठपर्यंत जाईल आणि कुठं थांबेल, एवढं तरी सांगता येईल."

सोनमचे बाबा, म्हणजे गोमाजी, शेजारच्या स्टुलावर बसले होते. मी नवऱ्याचं नाव घेते. उखाण्यावाचून घेते.

"नंबर दोन," ते म्हणाले.

"काय नंबर दोन?"

"टाकी नंबर दोन, साहेब. तिच्यातल्याले आम्ही तेच म्हणतो."

आमच्या वडनेरहून हिंगणघाटला जाताना रस्त्यालाच तो कारखाना आहे. कापसाच्या जिनिंगच्या मशीनचे सुटे भाग तिथं बनतात. भागांवरचं तेल-वंगण काढायला ते दोन नंबरच्या टाकीत बुडवायचे आणि लख्ख झाले की वर काढायचे. हे काम गोमाजींनी नऊ वर्षं उघड्या हातांनी केलं. गोडसर वास घेऊन घरी यायचे. आधी बोटं बधिर झाली, मग पाय. एकदा रस्त्यात चप्पल निसटली, तर त्यांना पत्ताच नाही. एकाच चपलेवर घरी आले. मी पोट धरून हसले होते.

मी कारखान्यात गेले. मालक हिरालाल शेठ वाईट माणूस नाही असं गावात म्हणतात. गावात तसं बऱ्याच जणांना म्हणतात.

"रुखमाबाई, ते तर कधीचं बंद केलं आपण," शेठ म्हणाले. "बाहेरचा एक दलाल आणून द्यायचा. आता दुसरं वापरून राह्यलो."

"पण नाव काय होतं, शेठ?"

"नाव कोण पाह्यते? माणूस काम पाह्यते."

ते ज्या डरमातून यायचं, त्या डरमावर नाव होतं. आणि तसला एक डरम माझ्या घरात होता.

रिकामे डरम दिवाळीला कामगारांना मिळायचे. आमचा निळा होता, झाकणाचा. त्याच्यावर हे एवढं मोठं कागदी लेबल, इंग्रजी अक्षरं, लाल चित्र. मला ती घाण वाटली. राखेनं घासलं, विटकरीच्या भुकटीनं घासलं, डिंक निघेना तर रॉकेलचा बोळा फिरवला. तीन दिवस खपले. शेजारच्या विमलाबाई पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "बाई बाई, काय चमकवला!" कोणी साडी मिरवते, मी डरम मिरवला.

बारावी झालेल्या सोनमनं मोबाइलवर वाचून सांगितलं, "आई, सरकार कायदा करून राह्यलं. नवीन रसायन आणायचं तर आधी कळवायचं, जुनं वापरत असन तर नोंदवायचं. वर्ध्याच्या हापिसात कारखान्यांच्या याद्या जमा होऊन राह्यल्या. तिथं विचार ना."

मी डरम रिकामा केला आणि बसमध्ये चढवला.

"काय वो मावशी," कंडक्टर म्हणाला, "रुकवत घेऊन चालल्या का?"

"हो. नवरदेव पसंत नाई पडला तर वापस आणीन."

सगळी बस हसली. एकानं पाय आखडून डरमाला जागा दिली. मीही हसले, कारण वर्ध्यापर्यंत रडत जायला रस्ता फार लांब आहे.

हापिसात रुचिका मॅडम होत्या, वर्ध्याजवळच्याच नालवाडीच्या. वयानं सोनमपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी मोबाइलचा उजेड पाडून डरम चहूबाजूंनी पाहिला. वाकून बुडाशी पाहिलं, झाकण उलटवलं. एका जागी लाल चौकटीचा कोपरा उरला होता, अर्ध्या नखाएवढा.

"इथं लेबल होतं. कुठं गेलं?"

"मीच काढलं."

"काऊन?" मॅडमच्या तोंडून घरची बोली निघून गेली.

"पाणी ठेवाचं होतं."

त्यांनी शेठनं दिलेली यादी काढली. चार नावं होती. टाकी क्रमांक दोनपुढं लिहिलं होतं : वापर बंद.

"मावशी, नवीन असतं तर आधी विचारता आलं असतं. वापरात असतं तर नोंद घेता आली असती. हे नवीन नाही आणि वापरातही नाही. नावाची जागा रिकामी ठेवली तर कम्प्युटर पुढंच जाऊ देत नाही."

"शेठनं बंद केलं, मॅडम. यांच्या अंगात चालूच आहे ना."

मॅडमनी कम्प्युटर बाजूला सारला आणि कोऱ्या कागदावर हातानं अर्ज लिहायला घेतला. डरम तपासणीला पाठवते म्हणाल्या, पण इतकी वर्षं पाणी भरल्यावर त्यात काही सापडेल याचा भरवसा नाही, हेही म्हणाल्या. "वापरायचंच पाणी ना?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात पितही होतो. सोनम त्याच पाण्यावर मोठी झाली."

त्यांनी तेही लिहिलं.

घरी पोचले तेव्हा गोमाजी दारातच होते.

"भेटलं?"

"नाई." मी पायरीवर बसले. "मी घासलं नसतं तर भेटलं असतं. तुमच्या टाकीतल्याचं नाव माह्याच हातानं पुसलं गेलं जी."

हे वाक्य मी बसमध्ये दहा वेळा म्हणून पाहिलं होतं.

"घासलं मस्त होतं पण," ते म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या सोमवारी डॉक्टरनं कागदावर इंग्रजीत काही लिहिलं. सोनमनं वाचून मराठीत सांगितलं, "अज्ञात रसायन."

"म्हंजे?" गोमाजींनी विचारलं.

"म्हंजे काय होतं ते माहीत नाई, बाबा."

"एवढं तर मलेही सांगता येत होतं, साहेब."

डॉक्टर हसला नाही. कुठपर्यंत जाईल, हे मी विचारलं. "पाहत राहू," तो म्हणाला.

तेव्हापासून आम्ही पाहतो. सकाळी चहा झाला की ते डोळे मिटून बाजेवर पाय पसरतात. मी चमच्याची दांडी अंगठ्यापासून वर वर टेकवत नेते. "नाई... नाई... नाई... आता लागलं." जिथं लागलं तिथं मी पेनानं रेघ ओढते.

काल रेघ गुडघ्याच्या खाली पाच बोटं होती. आज चार बोटं आहे.

"सरकली का वं?" डोळे मिटूनच ते विचारतात.

"नाई जी," मी म्हणते, आणि कालची रेघ पदरानं पुसते. "तिथंच आहे."