मंदिराच्या दारासमोरचा बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो, आणि आता पुरता थकलो आहे. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या डोंगराळ मुलखात, आम्हा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मंदिरासमोर माझा जन्म गेला. सुताराने फळ्या तासून मला घडवलं, तेव्हा येणारा-जाणारा हात फिरवून कौतुक करायचा. पुढे ऊन आणि बर्फ खाऊन रंग उडाला. एक पाय डुगडुगतो. कोण बघतंय?

आमची माणसं कुटुंबावर जीव टाकतात. मंदिरात लागलेलं लग्न मरणानंतरही टिकतं, असं मानतात. पण आत जायला परवाना लागतो. तो नसेल तर नवरीचा बापही बाहेर. हे बाहेरचे सगळे माझ्या वाट्याला आले.

ऑर्लिन त्यातलाच एक. टर्की कोंबड्या पाळणारा शेतकरी. परवाना देणाऱ्या बिशपने, म्हणजे आमच्या धर्मगुरूने, विचारलं, "कॉफी पितोस?" आमच्यात कॉफी वर्ज्य. हा म्हणाला, "पितो." संपलं. त्याच्या एकुलत्या, आई नसलेल्या लेकीचं, जॅनलीचं लग्न आत लागत होतं आणि हा नवा कोट घालून माझ्यावर बसला होता.

शेजारी त्याची म्हातारी आई, आर्व्हिला, येऊन टेकली. तिच्याकडे परवाना होता.

"आई, आत जा. पोरगी वाट बघत असेल."

"तू गप! कपभर कडू पाण्यापायी लेकीचं लग्न घालवलंस, गाढवा. 'नाही पीत' म्हणाला असतास तर जीभ झडली असती?"

"लेकीच्या लग्नात खोटं बोलून शिरू?"

म्हातारीने त्याच्या नव्या कोटाची कॉलर सारखी केली. मग म्हणाली, "खरं बोलायला मीच शिकवलं ना तुला. आता तुला इथं टाकून कुठल्या तोंडानं आत जाऊ?"

दार उघडलं. टाळ्या झाल्या. फोटोवाला ओरडला, "घरचे सगळे पायऱ्यांवर या!"

ऑर्लिन उठला नाही. "तिथं आतली माणसं शोभतात," एवढंच पुटपुटला.

जॅनली पांढरा झगा सावरत तरातरा आमच्याकडे आली. डोळे लाल.

"आजी, तुझी खुर्ची रिकामी होती. बाबा नसणार हे ठाऊक होतं. पण तूही? मी आत कुणाकडे बघायचं होतं?"

"तुझ्या बापाकडे कोण बघणार होतं, पोरी?"



"सरका," म्हणत जॅनली दोघांच्या मधे घुसली. "ओ फोटोवाले, इकडे या. माझे घरचे इथं आहेत."

"झगा मळेल गं," ऑर्लिन म्हणाला.

"मळू दे, बाबा. तुम्ही नीट बसा."

फोटोत तिघंही हसले. पण लग्न लागून गेलं होतं, आणि बापाने ते पाहिलं नव्हतं. अनंतकाळ टिकणाऱ्या नात्यातला तो एक तास त्याला कुणी परत देणार नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको, नवा पायही नको. घरात शुभकार्य असेल, तेव्हा दार लावण्याआधी बाहेर कोण राहिलंय ते बघा. बाकावर कुणीतरी बसावं, हीच बाकाची हौस असते. माझी फिटली. लग्नाच्या दिवशी तरी मला रिकामं राहू द्या.