स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर

"शनिवारी मोकळी आहेस का गं?" असं शॉनाने फोनवर विचारलं तेव्हा ओलीटा आधी हो म्हणून बसली आणि मग तिने कारण ऐकलं. भाचीला पिस्तूल घ्यायचं होतं. आयुष्यातलं पहिलंच.

"मला त्यातलं काय कळतंय?" ओलीटा म्हणाली. "तुझ्या काकांची शिकारीची बंदूक होती कपाटात, तिच्यावरची धूळ पुसायचे मी. तेवढाच माझा संबंध."

"तुला कळायला नकोच आहे, मावशी. नुसती सोबत ये. त्या दुकानात एकटीने शिरायला मला कसंतरीच वाटतं."

पिस्तूल कशाला हवंय हे विचारायची गरज नव्हती. शॉनाने हिवाळ्यात नवऱ्याचं घर सोडलं होतं. क्लिंटने तिच्या जवळपास फिरकू नये असा कोर्टाचा हुकूमही तिने मिळवला होता. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात, कोंबड्यांच्या कारखान्यात ती कामाला लागली होती आणि मिसेस व्हॉस नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या जागेत चाकांवरचं एक घर भाड्याने घेऊन राहत होती. तो पत्ता फक्त मावशीला आणि घरमालकिणीला ठाऊक होता. आणि गेल्या आठवड्यात क्लिंटचा ट्रक तिच्या दारासमोरच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. तो उतरला नाही की बोलला नाही. काच खाली करून नुसता बघत बसला. शेरीफच्या पोलिसांना यायला अर्धा तास लागला, तोवर तो निघून गेला होता.

हे सगळं ऐकल्यापासून ओलीटाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पत्ता तिनेच दिला होता.

झालं होतं असं. ईस्टर झाल्यावर एका रविवारी प्रार्थना संपल्यावर क्लिंट चर्चमध्ये आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. सगळ्यांबरोबर जेवणाची टेबलं उचलायला त्याने हात लावला आणि मग ओलीटाजवळ येऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मला तिला त्रास द्यायचा नाही हो. तिच्या आईचं शिवणयंत्र माझ्याकडे राहिलंय, तेवढं तिच्या दारात ठेवून निघून जाईन." ते शिवणयंत्र म्हणजे ओलीटाच्या मेलेल्या बहिणीचं. त्याचं नाव निघालं आणि ओलीटाचं काळीज विरघळलं. ओढ्यापलीकडे, पशुखाद्याच्या दुकानामागे, निळी टपालपेटी, असं सगळं तिने खुणांसकट सांगितलं. शिवणयंत्र काही आलं नाही. क्लिंट आला.

तेव्हापासून ती शॉनाला सांगायचं सांगायचं म्हणत होती आणि सांगत नव्हती.

दुकान तळ्याच्या रस्त्यावर होतं. पुढच्या भागात मासे धरायचे गळ आणि डब्यांत वळवळणारी गांडुळं, मागच्या भागात काचेच्या कपाटात बंदुका. मालकीण नोरीन पेटिट, साठीची, जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने शॉनाकडे एकदा नीट पाहिलं आणि "काय दाखवू?" असं न विचारता "घरात ठेवायचंय की जवळ बाळगायचंय?" असं विचारलं.

"घरात," शॉना म्हणाली. मग खाली बघून तिने आपल्याजवळच्या पैशांचा आकडा सांगितला.

"त्यात लाजायचं काय? माझ्याकडे येणारे निम्मे तेवढेच घेऊन येतात, आणि उरलेले खोटं बोलतात," नोरीन म्हणाली. "पण सगळे पैसे बंदुकीत घालायचे नाहीत बरं. गोळ्या लागतात, कुलपाची पेटी लागते आणि शिकायला लागतं. न शिकता घरात ठेवलेली बंदूक म्हणजे दुसऱ्याच्या हातात जायची वस्तू."

शॉनाने कपाटातल्या एका इवल्याशा पिस्तुलाकडे बोट दाखवलं. स्वस्तही होतं आणि तळहातात मावेल एवढंच.

"सगळ्या बायका आधी त्याच्याकडेच बोट दाखवतात," नोरीन म्हणाली. "अगं, जितकं हलकं तितकं हाताला जास्त हिसडा देतं. पाच गोळ्या झाडशील आणि परत हात लावणार नाहीस." तिने एक मध्यम आकाराचं पिस्तूल काढलं, रिकामं आहे याची दोनदा खात्री केली आणि शॉनाच्या हातात दिलं. "वरचा हा भाग मागे ओढ बघू."

शॉनाने ओढला. तो अर्ध्यावर आला आणि सुटला. तिने परत ओढला. तिच्या डाव्या मनगटातली वाकडी जुळलेली हाडं कातडीखाली वर आली आणि तिने ओठ दाताखाली धरला.

"मोडलं होतं?" नोरीनने विचारलं.

"हो."

"पडून?"

"नाही," शॉना म्हणाली.

नोरीनने पिस्तूल काढून घेऊन कपाटात परत ठेवलं.

शेजारी उभ्या ओलीटाने मात्र नजर दुसरीकडे वळवली. ते मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात तीच होती. पायरीवरून पडली, असं क्लिंट म्हणाला होता आणि ओलीटाने त्यावर विश्वास ठेवला होता. खरं तर, विश्वास ठेवणं सोपं होतं म्हणून ठेवला होता. प्लास्टर घातल्यावर पोरगी म्हणाली होती, "मावशी, चार दिवस तुझ्याकडे येऊ का?" तर हिने काय केलं, भांडंभर मटण शिजवलं आणि भांड्यासकट पोरीला नवऱ्याच्या दारात नेऊन सोडलं. जाताना वर शहाणपण शिकवलं, की संसारात भांड्याला भांडं लागतंच.

"हे बघ," नोरीनने खालच्या कप्प्यातून एक रिव्हॉल्व्हर काढलं. "बँकेच्या पहारेकऱ्याचं होतं. कडांचा रंग उडालाय, दिसायला काही खास नाही. पण मागे ओढायचं-बिढायचं काही नाही यात. चक्रात गोळ्या भर, चाप ओढ. चाप जड आहे, पण बंदूक दोन्ही हातांनी धरून तो कसा ओढायचा ते शिकवेन मी. आणि वजनदार आहे, त्यामुळे हिसडा कमी."

शॉनाने ते दोन्ही हातांत धरलं. या वेळी तिचा चेहरा आक्रसला नाही.

"यापेक्षा चांगलं काही नाही का?" ओलीटा मध्येच बोलली. "नवीन? मी घालते वरचे पैसे. कितीही होऊ देत."

"मावशी, नको."

"अगं पण तुझ्या जिवाचा प्रश्न आहे. जुनंपानं कशाला? मी देते ना."

"नको म्हटलं ना. माझ्या पैशांनी येईल तेच घेणार मी."

नोरीन चष्म्यावरून ओलीटाकडे बघत राहिली. "बाई, महागाचं घेऊन ही काही जास्त सुरक्षित होणार नाही," ती सावकाश म्हणाली. चोराच्या मनात चांदणं; ओलीटाला वाटलं हिला सगळं कळलंय.

मग सरकारी अर्ज आला. शॉना भरू लागली आणि पत्त्याच्या रकान्यापाशी थांबली.

"या पत्त्याचा आता काय उपयोग," ती नोरीनला म्हणाली. "त्या म्हातारीने फोडला तो. मावशी सोडली तर दुसरं कोणाला माहीतच नव्हता. परवा तिच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलले मी तिला. त्या राक्षसाला सामील आहेस म्हणाले. ती आत निघून गेली. दर मंगळवारी मला मक्याची भाकर आणून द्यायची, ती बंद झाली."

आता बोल, आत्ताच, असं ओलीटाने स्वतःला सांगितलं. आणि ती गळांच्या कपाटाकडे वळली आणि तिथल्या रंगीत पिसांकडे टक लावून बघत बसली.

फोनवरून सरकारी तपासणी होऊन परवानगी आल्यावर नोरीनने दोघींना दुकानामागच्या मातीच्या बांधाकडे नेलं. तिथे लाकडी चौकटीवर नेम धरायचा कागद लावलेला होता. तिने दोघींच्या कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं चढवली, शॉनाला पाय कसे रोवायचे ते दाखवलं आणि कागद बदलायला पुढे गेली. शॉना रिकामं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून पाठमोरी उभी होती.

"पत्ता मी दिला," ओलीटा तिच्या पाठीला म्हणाली. "क्लिंटला. मीच दिला."

शॉनाने वळून एक कान मोकळा केला. "काय म्हणालीस?"

"काही नाही. जपून, म्हटलं."

गोळ्या झाडून झाल्या. पहिल्या बांधात गेल्या, शेवटच्या काही कागदावर बसल्या. नोरीन म्हणाली, "पुढच्या शनिवारी परत ये, त्याचे पैसे नाहीत." शॉना हसली. किती तरी महिन्यांनी ती हसत होती आणि ते बघताना ओलीटाला स्वतःची शिसारी आली. बहिऱ्या कानांना सांगून मोकळं व्हायला निघाली होती ती.

गाडीत शॉना कुलपाची पेटी मांडीवर घेऊन बसली. पशुखाद्याच्या दुकानाची पाटी दिसायला लागली तेव्हा ओलीटाने गाडी कडेला घेतली.

"मिसेस व्हॉसने नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी सांगितलं. तुझ्या आईचं शिवणयंत्र आणून देतो म्हणाला, रडला, आणि मी सांगून बसले."

शॉनाने पेटी मांडीवरून खाली ठेवली.

"कधी?"

"ईस्टरनंतर."

"म्हणजे तो यायच्या आधी किती तरी दिवस. मला एक फोन केला असतास तर मी जागा बदलली असती."

"भीती वाटली. तू मला तोडशील याची."

"मला भीती वाटत होती मावशी," शॉना हळूच म्हणाली. "मी दाराला खुर्ची लावून झोपत होते. आणि तू आत्ता तिथे उभं राहून माझ्यासाठी महागाचं पिस्तूल घ्यायला निघाली होतीस."

ओलीटाने गाडी सुरू केली.

"गाडी म्हातारीकडे घे," शॉना म्हणाली.

मिसेस व्हॉस ओसरीवर बसून शेंगा सोलत होती. दोघींना येताना पाहून ती उठली नाही. शॉनाने माफी मागितली. मग ती बाजूला सरली आणि ओलीटाला तिथे एकटीला उभं राहावं लागलं. ओलीटाने सगळं सांगितलं, कुठे काही झाकलं नाही.

म्हातारीने ऐकून घेतलं. "मला त्या दिवशी कोणी विचारलंच नाही, की मी सांगितलं का म्हणून," ती शॉनाला म्हणाली. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा हातही असाच सैल होता. मी मेले तरी सांगितलं नसतं." ओलीटाकडे वळून ती एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही निघालात तरी चालेल."

महिनाभरात शॉनाने गाव सोडलं. क्लिंट आणखी एकदा त्या रिकाम्या जागेशी आला. या वेळी त्याचा ट्रक दिसताच म्हातारीने शेरीफला फोन केला, त्यामुळे तो परतीच्या वाटेवरच सापडला आणि हुकूम मोडल्याबद्दल काही महिने आत गेला. रिव्हॉल्व्हर वापरायची वेळ आली नाही. आपण कुठे राहतो हे शॉनाने मावशीला सांगितलं नाही. ती अधूनमधून फोन करायची, नवं काम बरं आहे म्हणायची, नेम सुधारतोय म्हणायची. "कुठून बोलतेस?" हा प्रश्न ओलीटाच्या जिभेवर यायचा आणि ती तो गिळून टाकायची.

नोव्हेंबरात, टर्की शिजवून सगळं घर एकत्र जेवतं त्या सणाला, शॉना आपण होऊन जेवायला आली. भोपळ्याचा गोड पदार्थ तिने दोनदा मागून घेतला. शिवणयंत्राचा विषय कोणी काढला नाही. निघताना तिने मावशीला जवळ घेतलं, पण जरा घाईने, जसं परक्या घरातून निघताना घेतात.

ओलीटा तिला पोचवायला फाटकापर्यंत गेली. पुढे तिठा होता. शॉनाची गाडी तिथे पोचून सिग्नल देणार, तेवढ्यात ओलीटा पाठ फिरवून घरात शिरली आणि तिने दार लावून घेतलं. गाडी कोणत्या दिशेला वळली, हे तिला कळायला नको होतं.