पाटीवरचे परदेशी क्रियापद

मित्रांनो, लाकडी चौकटीतली मी एक जुनी दगडी पाटी आहे. चौकटीचा एक कोपरा निखळला, तो सुतळीने बांधला आहे. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी देवगाव रंगारीच्या बाजारातून मला छोट्या लक्ष्मणसाठी आणले. शाळेत उर्दूच्या जागी नुकतीच मराठी आली होती. त्याने माझ्यावर मुळाक्षरे गिरवली, पुढे संस्कृत धातूंची रूपे लिहिली. लिहायचे, म्हणायचे, ओल्या फडक्याने पुसायचे. पुसले जाणे हाच माझा धर्म. त्यामुळे आठवण म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते.

लक्ष्मणराव संस्कृतचे शिक्षक झाले, निवृत्त झाले, आणि पुंडलिकनगरच्या घरात मी माळ्यावर गेले. कित्येक वर्षे माझ्यावर धुळीखेरीज काही उमटले नाही.

मग एके दिवशी त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी मला खाली काढले. त्यांची मुलगी मीनाक्षी मेक्सिकोत नांदते. पाच वर्षांची नात लुसिया तिथली स्पॅनिशच बोले. दर रविवारी सकाळी ती फोनवर दिसे. आजी मराठीत बोले, ती नुसती हसे आणि खेळायला पळे. भानुमतीबाईंना तिच्या भाषेत एकच सांगायचे होते : तुझी फार आठवण येते.

मीनाक्षीने क्रियापद कळवले : एक्स्त्रान्यार. लक्ष्मणरावांनी संस्कृताच्या सवयीने माझ्यावर तीन पुरुष, तीन वचने अशी नऊ घरे आखली.

"ह्या भाषेतलं द्विवचन कुठं गेलं?" ते पुटपुटले.

"अहो, मला एकच वाक्य हवंय. तुम्ही वर्ग कसला भरवताय?"

"रूपं आल्याशिवाय वाक्य येत नसतं."

"चाळीस वर्षं पोरांना हेच ऐकवलंत. एक तरी संस्कृतात बोलला का?"

ते हसले, पण घरे भरूनच थांबले. द्विवचनाची तीन रिकामीच राहिली. मग त्यांनी उपयोग समजावला. "आपल्याकडं आठवण आपली आपण येते. त्यांच्यात ती माणसानं करायची. ‘ते’ म्हणजे तुझी, ‘एक्स्त्रान्यो’ म्हणजे मी आठवण करते."

"मग बरोबरच आहे. मी रोज करतेच की."

रविवारी फोन लक्ष्मणरावांनीच धरला आणि सगळी रूपे चालीवर म्हटली. लुसियाला गंमत वाटली; तीही मागून म्हणू लागली. पाठांतर असे रंगले की तिकडे तिची झोपायची वेळ झाली. फोन बंद झाला. भानुमतीबाई मला मांडीवर घेऊन तशाच बसल्या.

"रूपं पोचली तिला," त्या म्हणाल्या. "मी राहिले."

पुढच्या रविवारी लक्ष्मणरावांनी फोन भानुमतीबाईंच्या हाती दिला. त्यांनी मला उराशी धरले होते. अडखळत त्या म्हणाल्या, "लुसिया, ते एक्स्त्रान्यो."

पळायला निघालेली पोर थांबली. पडद्याजवळ आली.

"यो ताम्ब्येन, आजी."

हे शब्द दोघांनाही येत नव्हते. लक्ष्मणरावांनी घाईने रूपे पुसून ते माझ्यावर उतरवले, स्पॅनिशचा कोश उघडला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मीसुद्धा, म्हणतेय ती."

मित्रांनो, त्याला आता नऊ वर्षे झाली. लक्ष्मणराव राहिले नाहीत. लुसिया अजून इथे आलेली नाही. त्यांच्या हाताचे ते दोन शब्द माझ्यावर आहेत. भानुमतीबाई माझी चौकट पुसतात, अक्षरांना फडके लागू देत नाहीत. तुमच्या घरी एखादी जुनी पाटी असेल, तर पुसण्याआधी ते अक्षर कुणाचे आहे, एवढे पाहा.

त्या क्रियापदाची सारी रूपे माझ्यावर लिहिली गेली आणि पुसलीही गेली. मला आता पहिले, एक्स्त्रान्यो, तेवढे येते. ते मी रोज करते.