नवसाची फोड

"काका, फ्रायडेला बंद. म्हणजे बॉयलर बंद, हीटिंग बंद, सगळा बंद," नकुल म्हणाला आणि काटेरी खोडापासून आपलं जॅकेट सावरत उभा राहिला.

शिमोन अष्टमकर शिडीवर होता. खाली न बघता त्याने विचारलं, "कुठल्या फ्रायडेला?"

"धिस फ्रायडे. आय नो, आय नो. मी बोललो त्यांना. बट इट्स डन."

नकुलचे आई-वडील सांगलीचे, त्याचा जन्म लीड्सचा. काचघर चालवणाऱ्या ट्रस्टमध्ये तो मॅनेजर होता. शिमोनला वाईट बातमी तरी मराठीतून द्यावी, एवढी माणुसकी त्याच्यात होती. मराठी त्याला पेलत नसे. पण वाईट बातमीचं व्याकरण कोण तपासतो?

बंद करण्याचं कारणही सज्जन होतं. काचघर गरम ठेवायला गॅस जळतो, गॅस जळला की पृथ्वी तापते. तेव्हा पृथ्वीवरच्या झाडांच्या भल्यासाठी काचघरातली झाडं थंडीने मरू द्यायची, असं ट्रस्टने एकमताने ठरवलं होतं. योजनेला 'हिरवं उद्या' असं नावही दिलं होतं. ऑर्किडं, नेचे, छोटी रोपं दुसऱ्या बागांनी येऊन नेली. जॅकराशियाला कोणी विचारलं नाही. पपईची ही दक्षिण अमेरिकेतली रानटी मावसबहीण, पण पपईसारखी पोकळ नाही. चांगलं दणकट झाड, अंगभर काटे आणि डोकं थेट छताच्या काचेला टेकलेलं. हिला न्यायचं तर आधी छप्पर उतरवायला हवं होतं.

"वर एक फळ आहे," शिमोन म्हणाला. "पिकायला ख्रिसमस उजाडेल."

"मग घेऊन जा ना, काका. मी काय बघितला नाही."

आता एका फळाचं एवढं काय, तर ते नवसाचं होतं.

ठाण्याहून इकडे आल्यावर शिमोन पुष्कळ दिवस बिनकामाचा घरी बसला होता. तेव्हा त्याची बायको अविवा प्रेषित एलियाहू हन्नबीला नवस बोलली: यांना काम मिळू दे, यांच्या हातच्या झाडाचं फळ ठेवून मलिदा करीन. मलिदा म्हणजे गोड पोह्यांचं ताट, त्यात फळं मांडायची, प्रार्थना करायची आणि सगळ्यांनी खायचं. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरात आनंदाचं काहीही असलं की ते व्हायचंच. काम लागलं, तेही काचघरात. एलियाहूने आपली बाजू तत्परतेने पार पाडली.

अडलं ते अविवाच्या धर्मशास्त्रापाशी. काचघरात केळी होती, अननस होता, पपई होती. शिमोन एकदा केळ्यांची फणी घेऊन घरी आला, तर ती म्हणाली, "हे जमिनीचं फळ. याची प्रार्थना वेगळी. मी झाड बोलले होते."

"केळीला झाड नाही म्हणत?"

"तुम्ही म्हणत असाल. वरचा नाही म्हणत."

पपईचं खोड पोकळ, म्हणून तीही बाद. झाड म्हणावं असं शिमोनच्या ताब्यात एकच होतं, आणि त्यावर पाटी होती 'नर'. कोणी कशावरून ठरवलं देव जाणे. त्यामुळे दर वर्षी मलिदा व्हायचा तो दुकानातल्या फळांचा, आणि ताट उचलताना अविवा म्हणायची, "नवसाचं राहिलंच."

गेल्या वसंतात जॅकराशिया पहिल्यांदा फुलली आणि नर ही मादी निघाली. या जातीत वधू-वर वेगळ्या झाडांवर. नॉटिंगहॅमच्या एका काचघरात स्थळ होतं. शिमोन जातीने गेला, एका डबीत पराग घेतले. परतीची ट्रेन शेफील्डला रद्द झाली, तेव्हा डबी छातीशी धरून तो थंड फलाटावर बसून राहिला. मुलगी सोफी फोनवर म्हणाली, "पप्पा, माझ्यासाठी तुम्ही एवढा धावला नाही कधी." वऱ्हाड आलं, ब्रशने लग्न लागलं. धरलेली फळं गळाली, एक राहिलं.

तोवर अविवा हॉस्पिटलात होती. डॉक्टर आधी महिन्यांचं बोलायचे, मग आठवड्यांचं; आता ते नुसतेच खांद्यावर हात ठेवायचे. इंग्रजी तिला सोडून गेलं होतं. नर्सला ती मराठीत एकच सांगायची, "नवसाचं राहिलंय हो." नर्स म्हणायची, "येस, माय लव," आणि उशी सारखी करायची.

शिमोनने फळ तोडलं. देठातून दूध ठिबकलं, मनगटावरून ओघळलं. घरी पोचेपर्यंत तिथे लाल वळ उठला होता. बोटभर पिवळेपणा आला असता तर तांदळाच्या डब्यात घालून पिकवता आलं असतं. हे ठार हिरवं होतं, आणि या जातीचा कच्चा चीक तोंड सोलून काढतो. शिजवायचं म्हटलं, तर अविवाने बजावलं होतं: फळ अख्खं आणा, माझ्यासमोर चिरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात ताट मांडलं. सोफीने पोहे कालवून आणले होते, साखर-खोबरं घालून. सफरचंद, खजूर, द्राक्षं, संत्रं. मधोमध ते हिरवं. अविवाने हात लावून पाहिलं, बराच वेळ.

"तुमचंच ना?"

"माझंच."

"झाडाचं?"

"झाडाचं. काटे बघितलेस तर घाबरशील."

पाणी आणायच्या निमित्ताने सोफीने त्याला पडद्याबाहेर ओढलं. तिच्या पर्समध्ये सुपरमार्केटची पपई होती, कापून डबीत बंद केलेली. "पप्पा, तो कच्चा नका खाऊ, हा खा. मम्मीला नाही कळणार."

शिमोनने विचार केला. एलियाहूला जगभरची दारं फिरायची असतात, त्याची नजर चुकली असती. अविवाची आजवर चुकली नव्हती. "आत ठेव ती डबी," तो म्हणाला.

त्याने प्रार्थना म्हटली. झाडाच्या फळाची. घर भरून माणसं लागतात तिथे आमेन म्हणायला एक सोफी होती आणि पलीकडच्या खाटेवरचा एक खोकला. मग तिच्यासमोर फळ चिरलं. पांढरं दूध ताटात उतरलं.

अविवाला गिळायची बंदी होती. "नवरा-बायकोचं तोंड एकच," ती म्हणाली. "तुम्ही खा."

शिमोनने फोड तोंडात घातली, चावली, गिळली. आधी ओठ बधिर झाले. मग जिभेवर कळीचा चुना लावावा तसं काहीतरी पसरत घशापर्यंत गेलं. डोळ्यांत पाणी आलं. प्रसंगच तसा असल्याने ते खपून गेलं.

"कसंय?"

"गोड."

"खरं?"

"पपईहून गोड," तो म्हणाला. शब्द जाड येत होते.

अविवाने डोळे मिटले. कपाळावरची आठी, जी शिमोनला आता तिच्या चेहऱ्याचाच भाग वाटू लागली होती, सुटली. मग तिने पुन्हा डोळे उघडले.

"मग एकच काय खाल्लीत? माझ्या वाट्याची पण घ्या."

सोफीने ताट हळूच आपल्याकडे ओढलं. शिमोनने काठावर बोट ठेवून ते थांबवलं आणि दुसरी फोड उचलली.