काहीच न ठेवणारी सीडी

मित्रांनो, माझ्या अंगावर काळ्या स्केच पेनने ‘लाइव्ह’ असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली २००९. मी एक जुनी सीडी आहे. अक्षर सुरेशचं. त्याने मला इंदूरला पंधरा मिनिटांत तयार केलं. तेव्हा माझ्यात जे भरलं, तेवढंच आजही आहे. त्याचं मला सुख नाही आणि दुःखही नाही.

सुरेशचे मामा अनंत मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते बुऱ्हाणपूरला, इतवारा भागातल्या समाजाच्या ऑफिसात वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम बघायचे. समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती त्यात दरवर्षी छापतात. ऑफिसातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, म्हणून सुरेशने मला आणलं. मला आत सरकवलं की हार्ड डिस्कशिवायही कॉम्प्युटर सुरू व्हायचा; ‘लाइव्ह’चा अर्थ तोच. मास्तर माहिती टाइप करायचे आणि कागद छापून फाइलला लावायचे. बंद केलं की टाइप केलेलं सगळं जायचं, कारण माझ्यावर काही लिहिताच येत नाही. कोणी चुकीचं बटण दाबलं तरी दुसऱ्या दिवशी मी होते तशीच. मास्तर माझं कौतुक करायचे. पण कोणाचा नुसता फोन नंबर बदलला तरी सगळं पान पुन्हा टाइप करावं लागायचं आणि त्यांची बोटं दुखायची.

मग सुरेशने पेन ड्राइव्ह आणला. तोही कॉम्प्युटर सुरू करायचा, शिवाय केलेलं काम लक्षात ठेवायचा. मास्तर हरखले. मला कागदी पाकिटात घालून त्यांनी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. मला राग आला नाही. तिथून ऐकू मात्र सगळं यायचं.

त्या हिवाळ्यात फोपनारच्या निंबाभाऊंच्या सुनंदाचा साखरपुडा मोडला. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, कारण सांगितलं नाही. मास्तर सरळ माणूस. उद्या कोणी आपल्याला बोल लावायला नको, म्हणून त्यांनी सुनंदाच्या माहितीखाली ‘साखरपुडा मोडलेला’ ही ओळ स्वतःच टाकली. तिला विचारलं नाही. निंबाभाऊंच्या कानावर गेलं तसे ते केळीची कापणी सोडून आले.

“मास्तर, ती ओळ काढी टाका,” ते म्हणाले. “पोरीनं कोणाचं काय बिघाडलं?”

मास्तरांना पटलं. त्यांनी ओळ काढली आणि तेवढ्यात लाइट गेली. पेन ड्राइव्हने तो बदल अजून लिहून घेतला नव्हता. लाइट आली तेव्हा ओळ जागच्या जागी होती. मास्तरांनी ते पान पुन्हा उघडून बघितलं नाही. पेन ड्राइव्ह तसाच छापखान्यात गेला आणि त्या ओळीसकट पाचशे पुस्तिका गावोगाव वाटल्या गेल्या. जळगावकडचं एक स्थळ सुनंदाला बघायला येणार होतं, ते आलं नाही.

एका दुपारी सुनंदा एकटीच ऑफिसात आली. मास्तरांनी तिची माफी मागितली.

“काका, मला एक घंटा इथे बसू द्या,” ती म्हणाली. “और ते पेन ड्राइव्ह नको. जुनी सीडी द्या.”

पहिल्या वर्षी मलाच लावून तिने आपली माहिती स्वतः टाइप केली होती, तिला ते आठवत होतं.

“अगं बेटी, तिच्यात काही राहत नाही.”

“म्हणूनच.”

मास्तर बाहेर जाऊन बसले. तासभर ती टाइप करत होती. मधेच बोटं थांबायची, नाक ओढल्याचा आवाज यायचा, मग पुन्हा सुरू. तिने काहीही छापलं नाही. कॉम्प्युटर बंद केला, मला बाहेर काढलं, ओढणीच्या टोकाने पुसून पाकिटात ठेवलं.

मास्तर दारात उभे होते. “पुढच्या पुस्तिकेत तुझं नाव ठेवू का?” त्यांनी विचारलं.

“आत्ता विचारलंत,” सुनंदा म्हणाली. “ठेवा. पण खाली काय लिहायचं ते मी सांगेन.”

मित्रांनो, त्या तासात तिने काय लिहिलं ते मला माहीत नाही आणि माझ्याकडून ते कधी कोणाला कळणार नाही. इतक्या वर्षांत मला कशाचं बरं वाटलं असेल, तर एवढ्याचंच. आता माझ्यावर ओरखडे पडले आहेत आणि मला घालायला कॉम्प्युटरही उरलेले नाहीत. तुम्ही कोणाबद्दल काही लिहून ठेवणार असाल, तर आधी त्याला विचारा. आणि कधी मी सापडले, तर मला कडेने धरा. सुनंदाने तसंच धरलं होतं.