कोब्याखाली गेलेला पाइप

मी एक जुना पाइप आहे. मित्रांनो, तोंड वाकडं करू नका. मी नळाचा नाही, गटाराचाही नाही. चऱ्होलीच्या बाजूला एक कचरा डेपो बंद होऊन पडला आहे, त्याच्या भिंतीबाहेर मला उभं पुरलं आहे. हातभर वर, तीन पुरुष खोल जमिनीत. डोक्यावर झाकण आणि एक छोटी तोटी, एवढाच माझा थाट.

डेपोवर माती टाकली, गवत लावलं आणि लोकांना वाटलं, सुटलो एकदाचे. पण आतला कचरा अजून कुजतो आहे. त्याचा गॅस होतो. वर मातीचं पांघरूण, म्हणून तो आडवा सरकतो, घरांच्या दिशेने. त्याला वाटेतच मोकळं सोडायला भिंतीलगत खडी भरलेला चर आहे. त्यातूनही निसटून किती पुढे आला, हे मोजायला मी. जमिनीतून गाळला जाऊन आल्यावर त्याला फारसा वास राहत नाही, हीच तर पंचाईत.

दर गुरुवारी ठेकेदाराचा माणूस धम्मरत्न यायचा. माझ्या तोटीला रबरी नळी लावायचा आणि मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. आठ वर्षं हेच. एकदा मोठे साहेब आले आणि "हा पॉइंट बेस्ट आहे" म्हणाले. माझं कौतुक तेवढंच. मला त्याचं काही वाटलं नाही. मला तसं फारसं वाटतच नाही.

माझ्यासमोरचं घर सोजराबाईचं. नवरा गेल्यावर तिने कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून श्रद्धाला वाढवलं. यंदा श्रद्धाचं लग्न ठरलं. विधवेने हळद लावायची नाही, असं भावकीचं म्हणणं. श्रद्धाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की पहिली हळद आईच लावणार, नाहीतर हळदच नको. भावकीला ऐकावं लागलं. त्या दिवशी सोजराबाई माझ्याशेजारी भांडी घासत कितीतरी वेळ रडली. आनंदाने रडत होती, एवढं मलाही कळलं.

मग दारात मांडव हवा. खडीत पाहुण्यांचे पाय मुरगळतील, म्हणून तिने चरावर सिमेंटचा कोबा घालून घेतला. पोरांनी तोटीशी खेळू नये म्हणून गवंड्याने माझ्या डोक्यावरही सिमेंट थापलं आणि थापीने गुळगुळीत केलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं.

गुरुवारी धम्मरत्न आला आणि बघतच राहिला. हे फोडावं लागेल, म्हणाला. सोजराबाईने त्याच्या हातात चहा दिला आणि हळद होईपर्यंत थांब, म्हणून विनवलं. लग्नघराच्या दारात छिन्नी चालवायची त्याला लाज वाटली. त्याने मागच्या आठवड्याचाच आकडा वहीत उतरवला आणि तो गेला.

गॅस मात्र थांबला नाही. वरची वाट बंद झाली, तसा तो कोब्याखालून सरकत घरात शिरला. तिथे एका खोलीत रुखवत मांडून तिने कुलूप लावलं होतं, खिडकीसुद्धा बंद. हळदीच्या सकाळी तिने ती खोली उघडली आणि उदबत्ती लावायला काडी ओढली. भक्कन जाळ झाला. जीव वाचला, पण दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

घर रिकामं केलं. हळद संध्याकाळी चुलत्याच्या दारात लागली. श्रद्धा नकोच म्हणत होती, पण मुहूर्त मोडू नका म्हणून आईच अडून बसली. पहिली हळद चुलतीने लावली. सोजराबाई पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून बघत होती. हे मला नंतर बायकांच्या बोलण्यातून कळलं.

त्याच दुपारी धम्मरत्नने कोबा फोडला होता. माझं डोकं मोकळं केलं, चर मोकळा केला. लग्नानंतर सोजराबाई घर बघायला आली, तेव्हा तो आकडा घेत होता. ती त्याच्यावर ओरडली नाही.

"आठ वरसं आमच्या दारात येतुयास भाऊ," ती म्हणाली. "ह्यो पाइप कशाला हाय, येकदा तरी सांगायचं व्हतंस."

लोकांना घाबरवू नका, असं त्याला वरून सांगितलेलं होतं. तो मान खाली घालून तोटीची नळी काढू लागला.

मित्रांनो, मला रंग नको, धुणं-पुसणंही नको. असा पाइप दिसला तर विचारा, हा कशाला आहे? आणि ज्याला ठाऊक असेल त्याने शेजारच्या घरात जाऊन सांगावं. कोबा फोडायला धम्मरत्नला अर्धा तास लागला. सांगायला त्याहून कमी लागला असता.