नसबंदीच्या शिबिरातली बादली

मी बादली बोलतेय. जस्ताची, मध्यम आकाराची, पोटावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेली. माझ्याबरोबरच्या बादल्या बाजारात विकल्या गेल्या. मला कुणी विकत घेतलं नाही. नस कापून घेतल्याबद्दल मी एका माणसाला बक्षीस मिळाले.

तो माणूस म्हणजे रायभान. येलदरीजवळच्या एका खेड्यात त्याचं घर. घरात बायको बानूबाई, आई भिवराबाई, तीन लेकरं आणि दारात मेंढरं. तिसऱ्या बाळंतपणात बानूबाई मरता मरता वाचली होती. आता आणखी मूल झालं तर तिच्या जिवाला धोका आहे, असं दवाखान्यात स्पष्ट सांगितलेलं. गावातले बाकीचे पुरुष अशा वेळी बायकांना शिबिरात पाठवत आणि स्वतः बाहेर बिडी ओढत बसत. रायभान म्हणाला, तिनं लय भोगलंय, मीच जातो.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. मार्च महिना संपत आला होता आणि आरोग्य केंद्राचा आकडा भरायचा राहिला होता. त्या केंद्राचं नाव मी सांगत नाही. डॉक्टर जीपमधून उतरले ते घड्याळाकडे बघतच. माणसं आत जात, बाहेर येत, बाहेर आलेल्याच्या हातात एकेक बादली दिली जाई. रायभानच्या हातात मी आले. काही दिवस जड उचलू नको, एवढं त्याला सांगितलं. तीन महिन्यांनी तपासणीला ये, तोवर काळजी घे, हे सांगायचं राहून गेलं.

आडावर पाणी भरायला बानूबाई मला नेऊ लागली. माझ्या पोटावरच्या त्रिकोणाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. बायका तोंडाला पदर लावून हसत. बानूबाई मला शांतपणे भरून घेई. हसणाऱ्यांपैकी एकीच्याही नवऱ्यानं एवढं केलं नव्हतं, हे तिला माहीत होतं.

वर्षभरात बानूबाईला दिवस गेले.

मग आडावर कुणी हसेना. ती आली की बोलणं थांबे, ती वळली की पुन्हा सुरू होई. घरात भिवराबाईंनी सुनेच्या हातची भाकरी घेणं बंद केलं. त्या वेगळी चूल मांडून बसल्या. रायभाननं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्यानं मेंढरं हाकली आणि गंगाखेडकडे गोदाकाठच्या रानात खतासाठी बसवायला निघून गेला. दरवर्षी तो जायचाच, पण यंदा पोळा झाल्या झाल्याच गेला.

बाळंतपण अपेक्षेप्रमाणे वाईट झालं. बानूबाईला बैलगाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं. रक्त गावातल्या कुणी दिलं नाही, दवाखान्यातल्या एका झाडूवाल्यानं दिलं. मुलगी झाली. तिचं नाव कस्तुरा.

दवाखान्यात केशरबाई नावाच्या सिस्टर होत्या. बानूबाई भिंतीकडे तोंड करून का पडते, हे त्यांनी एकदा विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, नवऱ्याची नंतर तपासणी झाली होती का? ऑपरेशन कधी कधी फसतं, नस राहून जाते, म्हणून तर तपासतात. बानूबाई उठून बसली. असं काही असतं, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

अंगात थोडी ताकद आल्यावर तिनं मोठी तीन लेकरं भावाकडे ठेवली, माझ्यात भाकरी आणि बाळाची दुपटी भरली आणि एसटीनं गंगाखेड गाठलं. विचारत विचारत ती रायभानच्या वाड्यावर पोचली. वाडा म्हणजे उसाच्या फडापलीकडे मोकळ्या रानात बसलेली मेंढरं आणि एक घोंगडी. रायभान कोकराला दूध पाजत होता. त्यानं बाळाकडे बघितलं नाही.

बानूबाईनं मला खाली ठेवलं आणि सिस्टर काय बोलल्या ते सांगितलं. मग म्हणाली, "परभनीला चला आन तपासून घ्या. तुमच्या मनातलं खरं निघालं तर मी माहेरला जाते, परत तोंड दावत न्हाई. माजं खरं निघालं तर माज्यासंगं कोर्टात यायचं."

रायभान कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "लोक काय म्हनतील? गड्याची नस कापली, ती बी धड न्हाई."

"लोक सध्या मला म्हनायलेत," बानूबाई म्हणाली. "थोडे दिस तुमाला म्हनू द्या."

तो उठला. मेंढरं सोबतीच्या माणसावर सोपवून तिच्याबरोबर परभणीला आला. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की रायभानला मूल होण्यात काहीच अडचण नाही, एका बाजूची नस कापलेलीच नाही. एरवी ही बातमी ऐकून लोक पेढे वाटतात. रायभान दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडला. मग बानूबाईच्या हातातून त्यानं कस्तुराला घेतलं, आणि तिनं त्याच्या अंगावर लगेच मुतून घेतलं.

गावात परतल्यावर त्यानं पारावर माणसं बसलेली असताना सगळं सांगितलं. माणसांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, बायकोनं डॉक्टर गाठला असंल. भिवराबाईंनी ऐकलं, पण चूल काही एक केली नाही. त्या म्हणाल्या, पोरगा भोळा हाय.

म्हणून कोर्ट. वालूरचे दिनकरराव तेव्हा परभणीत वकिली करत. त्यांनी सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला. पोरीला वाढवायचा खर्च सरकारनं द्यावा, कारण चूक सरकारी डॉक्टरची.

दर तारखेला मी सोबत असे. जाताना माझ्यात शिदोरी असे आणि कोर्टात पोचल्यावर मला पालथी घालून माझ्यावर कुणीतरी बसे, कारण तिथे बाकं कमी आणि वाट बघणारे जास्त. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी डॉक्टर साक्षीला येईनात, कधी विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसटी बंद. कस्तुरा आधी माझ्यात बसायची, मग मला धरून उभी राहू लागली, मग मला सोडून कोर्टाच्या आवारात पळू लागली.

बानूबाईच्या साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, "तुमचा नवरा वर्षातले सहा-सहा महिने मेंढरांमागे बाहेर असतो. मग हे मूल त्याचंच, हे कशावरून?"

मी दाराशी होते. रायभान माझ्यावर बसला होता, तो उठून उभा राहिला.

बानूबाईनं पदर सारखा केला. "साहेब, आपरेशन तुमी केलं. ते नीट झालं का, हे तुमी कदीच ईचारलं न्हाई. आन आज मला ईचारायलाव."



त्यानंतर मेंढरांना देवी आली आणि निम्मा कळप गेला. त्याच सुमाराला दिनकररावांनी निरोप आणला की सरकार काही रक्कम द्यायला तयार आहे, दावा मात्र मागे घ्यायचा आणि चुकीबद्दल काही लिहायचं नाही. रायभान म्हणाला, घेऊ. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, घरात खायचे वांधे होते. बानूबाई म्हणाली, "घ्या की. पन चूक कुनाची ते तेवढं लिवा म्हनावं." सरकारला ते लिहायचं नव्हतं. रक्कम परत गेली. त्या वर्षी बानूबाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला गेली आणि रायभान तिच्याबरोबर गेला. त्यानं पुन्हा कधी त्या रकमेचं नाव काढलं नाही.

निकालाच्या दिवशी बानूबाई सासूला म्हणाली, "आत्या, आज तुमी बी चला." भिवराबाई का आल्या, मला माहीत नाही. बहुधा नाही म्हणायला काही कारण सापडलं नसावं. कोर्टाच्या दाराबाहेर त्या माझ्यावर बसल्या, कस्तुराकडे पाठ करून.

निकाल इंग्रजीत होता. साहेबांनी तो वाचला, वकिलांनी माना डोलावल्या, कारकून पुढचा दावा पुकारायला उठला. बानूबाई जागची हलली नाही. काय ठरलं ते आपल्या भाषेत सांगा, असं तिनं साहेबांना हात जोडून विनवलं.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, ऑपरेशन नीट झालं नव्हतं. चूक दवाखान्याची आहे. मुलगी तुमच्या नवऱ्याचीच आहे. तुमचा काही दोष नाही."

"साहेब, जरा मोठ्यानं सांगता का? बाहेर माजी सासू बसलीय, तिला कमी ऐकू येतं."

कारकून साहेबांकडे बघू लागला. साहेबांनी घसा साफ केला आणि तेच सगळं पुन्हा, दाराकडे तोंड करून, इतक्या मोठ्यानं सांगितलं की आवारातले चहावालेही थांबले.

भिवराबाईंना चांगलं ऐकू येत होतं. पलीकडच्या रानात कोकरू ओरडलं तर त्यांना घरबसल्या कळायचं. त्या माझ्यावर तशाच बसून राहिल्या. बानूबाई बाहेर आली तेव्हा त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "ऐकलं." मग म्हणाल्या, "लवकर ऐकायला पायजे व्हतं." बानूबाईनं त्यांना हात देऊन उठवलं.

सरकारनं औरंगाबादला हायकोर्टात अपील केलं. ते अजून चालू आहे. आता चौऱ्याण्णव साल लागलंय, विद्यापीठाचं नाव बदललं, कस्तुरा दुसरीत गेली, भरपाई आलेली नाही. दिनकरराव म्हणतात, येईल.

मी आता गळते. त्रिकोणाचा रंग उडाला, बूड गंजून गेलं. पाणी भरायच्या कामाची मी राहिले नाही, म्हणून बानूबाईनं माझ्यात गवत घालून मला कोपऱ्यात आडवी ठेवली आहे. एक कोंबडी माझ्यात अंडी उबवायला बसली आहे. कस्तुरा दिवसातून कितीदा तरी वाकून बघते आणि कोंबडीकडून टोचून घेते.

तुमच्या गावात शिबिर लागलं आणि तुम्हाला कुणी अशी नवी बादली देऊ लागलं तर घ्या, बादली वाईट नसते. फक्त हात पुढे करण्याआधी विचारा, तपासणीला पुन्हा कधी यायचं. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.

आता पुरे करते. कोंबडीला आवाज चालत नाही.